देवमाशाचा मुराळी

भातसानगरच्या धरण उपविभागात डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आलेल्या परिपत्रकात एकही चूक नव्हती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे झालं ते ऐकून लोक उगाच परिपत्रकाला नावं ठेवतात. विषय सरळ होता : 'देवमाशांचे स्थलांतर व सागरी जीवसृष्टीचे संवर्धन यानिमित्त कौटुंबिक महोत्सव साजरा करणेबाबत.' साल अठ्ठ्याण्णव. ते अख्खं वर्ष जगानं समुद्राला वाहिलेलं होतं, आणि वर्ष संपायला पंचवीस-सव्वीस दिवस उरले असताना ही गोष्ट वर कुणाच्या तरी ध्यानात आली होती. ठाणे जिल्ह्याला समुद्र आहे. शहापूर तालुका ठाणे जिल्ह्यात आहे. म्हणजे शहापूर तालुका सागरी आहे. यात खोट काढायला कुठे जागा नाही. त्यातून कलम चार म्हणत होतं की, ज्या कार्यालयांच्या ताब्यात पाणी आहे त्यांनी पुढाकार घ्यावा; आणि पाणी म्हणाल तर भातसानगरच्या ऑफिसच्या ताब्यात मुंबई आंघोळ करून वर चहा पिईल इतकं होतं.

कागद वरून खाली येत येत सगळ्यांत सखल जागी येऊन थांबला. तिथे कनिष्ठ लिपिक भगीरथ निमसे बसत असे. समासात लाल शाईनं साहेबांनी लिहिलं होतं, 'श्री. निमसे, कार्यवाही.'

भगीरथ बत्तीस वर्षांचा होता. कॉलनीतल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये एकटा राहायचा आणि एकटेपणाची तक्रार कुणाकडे करायची असते हे कुठल्याही नियमपुस्तकात न सापडल्यामुळे करत नसे. संध्याकाळी साडेपाचला तो घरी यायचा, कुलूप काढायचा, आणि कुलूप जागच्या जागी होतं याचं त्याला जरासं बरं वाटायचं. कॉलनीत सगळे त्याला भाऊसाहेब म्हणत. क्लार्कला भाऊसाहेबच म्हणतात, त्यात त्याचं काही कर्तृत्व नव्हतं.

परिपत्रक त्यानं तीनदा वाचलं. तिसऱ्या वेळी तो कलम सातवर थांबला. 'महोत्सव कौटुंबिक स्वरूपाचा असल्याने आयोजकाने स्वतःच्या कुटुंबीयांसह उपस्थित राहणे अनिवार्य आहे. तसे छायाचित्र अहवालासोबत जोडावे.'

भगीरथच्या कुटुंबात एक बहीण होती. रंजिता. मुरबाडला शाळामास्तरीण. भातसानगरहून शहापूर, शहापूरहून किन्हवलीवरून मुरबाड. एसटीची मर्जी असली तर अडीच तास. तीन वर्षांत या अडीच तासांच्या रस्त्यावरून ना तो तिकडे गेला होता ना ती इकडे आली होती. कारण असं की, आई गेल्यावर बाराव्याच्या दिवशी भगीरथनं आईच्या वस्तू रंजिताच्या हवाली केल्या. दोन लुगडी, एक पितळी डबा, एक चष्मा (डाव्या काडीस दोरा). यादी त्यानं दोन प्रतींत केली होती, आणि खाली 'वरील वस्तू मिळाल्या' असं लिहून तिच्यापुढे पेन धरलं होतं. त्या बारा दिवसांत त्याच्या हातांना दुसरं काही सुचलंच नव्हतं. रंजितानं सही केली. ठसठशीत, पूर्ण नावाची. मग म्हणाली, "तू भाऊ नाहीस, ऑफिस आहेस," आणि साडेचारच्या गाडीनं गेली.

तिला काय लिहावं हे त्याला तीन वर्षं सुचलं नव्हतं. आता कलम सात होतं. आता बहिणीला बोलावणं हा त्याच्या कर्तव्याचा भाग झाला होता, आणि कर्तव्याच्या बाबतीत तो कधीच मागे हटला नव्हता. त्यानं टाइपरायटरवर कार्बन चढवला.

'प्रति, सौ. रंजिता विशे, सहशिक्षिका, मुरबाड. विषय : महोत्सवास कुटुंबीय म्हणून उपस्थित राहणेबाबत. महोदया, उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, आपण आयोजकाच्या कुटुंबीय असल्याचे अभिलेखावरून दिसून येते. तरी रविवार दिनांक २७ रोजी सकाळी ठीक दहा वाजता उपस्थित राहावे. प्रवासभत्ता अनुज्ञेय नाही.'

शेवटचं वाक्य त्यानं बराच वेळ ठेवू की काढू करून ठेवलं. खोटी आशा लावू नये असं त्याचं मत होतं. मग जावक क्रमांक टाकून पत्र पोस्टात दिलं आणि देवमाशाच्या मागे लागला.

परिपत्रकाला एक माहितीपत्रक जोडलेलं होतं. फॅक्सची झेरॉक्स, झेरॉक्सची झेरॉक्स. त्यात देवमाशाचं चित्र होतं. म्हणजे एक काळा डाग होता आणि डागाखाली 'देवमासा' असं लिहिलं होतं. अशी प्रतिकृती बनवावी आणि वाजतगाजत जलाशयात सोडावी, असं कलम पाच.

शेजारचा पंढरी धरणाचे दरवाजे वर-खाली करायच्या कामावर होता. तो संध्याकाळी भगीरथच्या पायरीवर येऊन बसला. त्यानं डाग उजेडाला धरला, उलटा धरला, आणि म्हणाला, "भाऊसाहेब, समुद्रातलं मला विचारा. मी समुद्रावर गेलोय."

"कधी?"

"गणपती बुडवताना. गिरगावला."

"कसा असतो?"

"दिसला नाय. गरदी व्हती." पंढरीनं डाग परत दिला. "पन जनावर मोठा असनार. लहान जनावरासाठी सरकार कागद काढत नाय."

हे भगीरथला पटलं. लांबी माहितीपत्रकात दिली होती, ऐंशी फूट. कॉलनीत ऐंशी फूट लांब अशी एकच गोष्ट होती, ऑफिसची इमारत. तेव्हा पाव आकारावर तडजोड झाली, आणि पंढरीनं पलीकडच्या पाड्यावरून धाकलूला बोलावून आणलं.

धाकलू म्हणजे बांबूकामातला शेवटचा शब्द. टोपली, सूप, इरलं, कोंबड्यांचा खुराडा, काहीही विणायचा. पण त्याचा जीव होता कणगीत. कणगी म्हणजे भात साठवायची माणसाच्या उंचीची पिंपासारखी टोपली. बाहेरून शेणमातीनं लिंपली की उंदराचा बाप आत शिरत नाही. डागाकडे धाकलूनं एकदाच पाहिलं.

"कनगी हाय," तो म्हणाला.

"देवमासा आहे."

"आडवी कनगी हाय. एकीला एक लावून तीन लागतील." त्यानं हातानं हवेत मापं घेतली. "त्वांड कुठल्या अंगाला?"

यावर दीड तास चर्चा झाली. डागाची एक बाजू फुगलेली होती आणि एक निमुळती. पंढरीचं म्हणणं, निमुळतं ते तोंड, कारण पाणी कापायला टोक लागतं. आपल्या दरवाज्याच्या पात्यांचंही तसंच असतं. धाकलूचं म्हणणं, फुगीर ते तोंड, कारण खाणाऱ्याचं तोंड मोठं. भगीरथनं दोन्ही मतं टिपून घेतली आणि वरिष्ठांचं मार्गदर्शन मागवलं. साहेबांनी समासात लिहिलं, 'नियमानुसार करावे.' त्यावर पंढरी म्हणाला, नियमानुसार म्हणजे माझंच. कुणी हरकत घेतली नाही.

मजुरीबद्दल भगीरथ कसंबसं बोलायला लागला तर धाकलूनं हात हलवला. "सरकारचा काम हाय. फुकट करू." दुसऱ्या दिवशी पाड्यावरून सात माणसं आली, तिसऱ्या दिवशी अकरा. ऑफिसच्या खात्यावर बांबू आले, माती आली, शेण आलं. सागरी जीवसृष्टीबद्दलची ही आस्था पाहून भगीरथला भरून आलं आणि त्यानं तसं अहवालाच्या कच्च्या मसुद्यात लिहिलंही. एवढी माणसं रोज आपल्या खिडकीसमोर येतात, बोलतात, चहा मागतात, याचीही त्याला सवय लागत चालली होती. पण त्यासाठी मसुद्यात रकाना नव्हता.

मग जलाशयाचं निघालं. प्रतिकृती जलाशयात सोडायची म्हणजे जलाशयात वस्तू टाकायची, आणि जलाशयात वस्तू टाकायला बंदी. पाणी पिण्याचं. त्यात शेणानं लिंपलेला वीस फुटी मासा सोडायचा म्हणजे मुंबईकरांना काय वाटेल याचा विचार करावा लागतो. परवानगी द्यायचा अधिकार त्याच ऑफिसला होता. म्हणून भगीरथनं आयोजक या नात्यानं अर्ज लिहिला, आवक लिपिक या नात्यानं तो स्वीकारला, टिप्पणी लिहून साहेबांपुढे ठेवला, आणि साहेबांनी 'नाही' म्हटल्यावर अर्ज फेटाळल्याचं पत्र स्वतःलाच टाइप केलं. टाइप करताना त्याला वाईट वाटलं. इतक्या कष्टानं केलेला अर्ज. पण नकाराची भाषा चांगली होती, हे त्यालाही मान्य करावं लागलं. शेवटी मिरवणूक धरणाच्या फाटकातून बाहेर पडून खालच्या नदीच्या पात्रापर्यंत न्यायची असं ठरलं. पात्रात डिसेंबरात गोटे असतात. पाण्याची अडचण नव्हती.

याच सुमारास मुरबाडहून पाकीट आलं. रंजिताचं अक्षर शाळेच्या फळ्यावरच्यासारखं, एका रेषेत.

'संदर्भ : आपले जा. क्र. ४१७. निमंत्रण मिळाले. बहिणीस बोलावण्याची ही रीत आमच्याकडे नाही. सबब निमंत्रण परत करीत आहे.'

खाली त्याचंच पत्र टाचणीनं जोडलेलं. भगीरथ ते घेऊन पायरीवर बसला. परत आलेल्या पत्राच्या घड्या त्यानं घातलेल्या नव्हत्या, वेगळ्या होत्या. म्हणजे तिनं ते उघडून बाजूला ठेवलं असणार, पुन्हा वाचलं असणार. त्यानं खूप विचार केला आणि चूक कुठे झाली ते त्याला सापडलं. कर्मचाऱ्याला थेट पत्र लिहिलं होतं. रीत अशी की कार्यालयप्रमुखामार्फत लिहायचं. त्यानं नवं पत्र मुख्याध्यापकांच्या नावे केलं, प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना माहितीस्तव.

आठ दिवसांनी मुख्याध्यापकांचं उत्तर आलं. 'आपले पत्र सौ. विशे यांना दाखविण्यात आले. त्यांनी पाहिले.'

'त्यांनी पाहिले' हे दोन शब्द भगीरथनं इतक्या वेळा वाचले की शेवटी त्यांचा काही अर्थ राहिला नाही. कसं पाहिलं, हसून की कसं, बसून की उभ्या उभ्या, याबद्दल मुख्याध्यापकांनी काहीच कळवलं नव्हतं. मुख्याध्यापक मोघम लिहिणारे गृहस्थ असावेत.

शनिवारी देवमासा तयार झाला. तीन कणग्या एकापुढे एक, मागे सुपाची शेपटी, दोन बाजूंना इरल्यांचे पर, वरून काळी शेणमाती. खरं सांगायचं तर तो डागासारखा हुबेहूब दिसत होता. बायकाही बघायला आल्या. पंढरीची बायको सकुबाई त्याच्याभोवती पदर खोचून एक फेरी मारून आली आणि तिनं भगीरथला विचारलं, "ह्यो जातो कुठं आनि कशाला?"

कुणीतरी विषयाबद्दल विचारण्याची ही पहिलीच वेळ. भगीरथनं माहितीपत्रक काढलं आणि वाचून दाखवलं. देवमाशाची मादी थंड समुद्रात राहते. पिल्लू व्हायची वेळ आली की हजारो मैल पोहत उबदार पाण्यात जाते. तिथे बाळंत होते. वाटेत खात नाही.

मग सकुबाई म्हणाली, "म्हंजे बालातपनाला म्हायेरी निंगाली."

"तसं इथे लिहिलेलं नाही."

"लिवायला कशाला पायजे. पोटुशी बाय, न खाता-पिता एवढी वाट चालते, ती काय बाजाराला?" तिनं बाकीच्यांकडे पाहिलं. "आनि हिला अशीच धाडनार व्हतात? मोकल्या ओटीनं?"

तिथून महोत्सव भगीरथच्या हातातून गेला. बायकांतली बाळी तांदूळ आणायला पळाली. खण कुणाच्या पेटीतला, नारळ कुणाच्या देवळीतला. देवमासा आता 'तो' राहिला नाही, 'ती' झाली. कुणीतरी तिच्या निमुळत्या तोंडाला हळदकुंकू लावलं. सकुबाईला आणखी एक शंका होती.

"मुराली कोन?"

मुराळी म्हणजे सासुरवाशिणीला माहेरी न्यायला येतो तो, बहुतेक भाऊ. त्याच्याशिवाय बाई उंबरा ओलांडत नाही. भगीरथ म्हणाला, माशांत मुराळी नसतो. सकुबाईनं त्याच्याकडे, मुलगा मोठा झाला पण शहाणा झाला नाही अशा नजरेनं पाहिलं.

"ती पान्यात चाललीय ना? पानी कोनाच्या ताब्यात?"

"ऑफिसच्या."

"मंग म्हायेर तुमचा झाला. मुराली तुमी."

कलम चारचा असा अर्थ लागू शकतो हे भगीरथच्या लक्षात आलं नव्हतं. पण अर्थ बरोबर होता.

रविवारी सकाळी मुराळ्याला फेटा बांधला. फेटा धाकलूचा, गुलाबी, लग्नातला. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात खणा-तांदळाची पुरचुंडी. भगीरथ सर्वांच्या पुढे, मागे ताशेवाला, त्यामागे सोळा खांद्यांवर ती, आणि पाहुणे म्हणून यायचे ते तालुक्याचे अधिकारी अजून वाटेत. शहापूरहून आलेला फोटोग्राफर सारखा विचारत होता, "फॅमिली कुठाय? फॅमिलीचा फोटो घेऊन टाकू, रोल कमी आहे." भगीरथ म्हणत होता, "येतायत." पहिल्यांदा म्हणाला तेव्हा दहाला दहा कमी होते. नंतर सव्वादहा झाले. शहापूरची गाडी थांब्यावर आली. तिच्यातून दोन मुंबईकर उतरले, आणि धरण कुठे आहे म्हणून त्यांनी देवमाशाला विचारलं, म्हणजे खालच्या माणसांना. तिसरं कुणी उतरलं नाही. गाडी वळून उभी राहिली, ड्रायव्हर चहाला गेला.

मिरवणूक फाटकावर अडली. तिथे बारकू चौकीदार. बारकू रोज भगीरथच्या हातचा चहा प्यायचा, पण ड्यूटीवर तो कुणाला ओळखत नसे. भगीरथला त्याबद्दल आदरच होता.

"पास," बारकू म्हणाला.

"कसला पास? महोत्सव आहे."

"माल भायेर चाललाय. गेटपास लागतो. तुमीच गेल्या साली कागद काढलाय, जावक दोनशे बारा." बारकूनं वही उघडली. "वाहन का माल?"

"देवमासा."

"असा रकाना नाय. चाकं हायेत?"

"नाहीत."

"मंग माल. नग किती?"

मागून धाकलूचा आवाज आला, "तीन." भगीरथनं वळून पाहिलं. धाकलू खांदा बदलत म्हणाला, "तीन कनग्या. एक माजी, एक बुधीची, एक थोरल्या घरची. बोलून ठेवलंय. भात घरात उघडा पडलाय, भाऊसायेब, आमी कवाधरनं थांबलोय."

तेव्हा भगीरथला सागरी जीवसृष्टीबद्दलची आस्था समजली. सरकारी बांबू, सरकारी माती. त्याला रागही आला नाही. निदान देवमाशाच्या पोटात काहीतरी जाणार होतं.

बारकू 'तीन नग' असं लिहायला लागला. बारकू अक्षर लावून लिहायचा, म्हणजे वेळ होता. सोळाजणांनी ती खाली टेकवली. तिचं निमुळतं तोंड फाटकाबाहेर, बाकीची आत. सकुबाई येऊन तिच्या सावलीत बसली आणि भगीरथला म्हणाली, "बसा. मुराल्याला बसावाच लागतो. म्हायेरचा मानूस आला म्हनून काय कोन लगेच धाडत नाय. सासरचे तोंड वाकडा करतात, ती सवता रुसून बसते. मुराल्यानं ओट्यावर बसून ऱ्हायाचा. पानी दिला तर घ्यायाचा, बोलला तर ऐकायाचा. उठायाचा नाय."

"किती वेळ?"

"ती गठुडं बांदंल तवर."

भगीरथ नारळ आणि पुरचुंडी मांडीवर घेऊन बसला. मग ताशेवाल्याला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाला, "पत्र पाठवलं तर चालत नाही?"

"कोनाला?"

"एखाद्या बहिणीला. समजा."

सकुबाई तंबाखू मळत होती. ती थांबली. "पत्राला धरून काय ती चालत येल?" मग जरा वेळानं, हातातल्या तंबाखूकडे बघत, "तुमची कुठं दिलीय?"

"मुरबाडला."

"कवा आनलीत?"

भगीरथला तारीख पाठ होती, पण ती आणल्याची नव्हती.

थांब्यावर ड्रायव्हर चहा संपवून परतला होता. गाडीनं एकदा खाकरल्यासारखं केलं. भगीरथनं पुरचुंडी सकुबाईच्या पदरात ठेवली आणि तो उठला. पुढचं त्याला नंतर नीट आठवत नसे, आणि आठवलं तरी पटत नसे. मुख्यालय सोडायचं तर रविवारीही लेखी परवानगी लागते, हे कॉलनीत फक्त त्यालाच माहीत होतं; बाकीच्यांना तोच सांगत आला होता. तो फाटकाबाहेर पडला. बारकू वहीतून मान वर न करता म्हणाला, "मानसाला पास लागत नाय," आणि पुढचं अक्षर काढायला लागला. मागे पंढरी विचारत होता, "मुराली चालला कुठं?" आणि सकुबाई म्हणत होती, "त्याच्या कामाला. तू तोंड सांभाल, आपन न्हेऊ हिला."

कंडक्टरनं गुलाबी फेटा पाहिला, नारळ पाहिला.

"वऱ्हाड कुठाय?"

"नाही. एक शहापूर."

शहापूरला तासभर गाडी नव्हती. भगीरथ थांब्याच्या बाकावर फेट्यानिशी बसून राहिला. फेटा काढावा असं त्याला दोनदा वाटलं, पण तो पुन्हा बांधता येत नव्हता आणि धाकलूचा होता. येणारेजाणारे त्याला वाट देत. लग्नातून रुसून आलेला नवरदेव असावा असा एकंदर समज झालेला दिसला. एका म्हाताऱ्यानं तर शेजारी बसून समजूत काढली, की पोरीकडचे असेच असतात, जा परत. भगीरथनं बरं म्हटलं. समजूत भलत्याच गोष्टीची असली तरी ऐकायला बरी वाटत होती.

मुरबाडला पोचेपर्यंत दोन वाजले. रंजिताची चाळ त्याला पत्त्यावरून माहीत होती. पत्ता त्यानं किती वेळा टाइप केला होता. दार उघडं होतं. ती जमिनीवर पेपरांचा गठ्ठा घेऊन बसली होती, चाचणीचे, लाल पेन हातात. नवरा कल्याणला ड्यूटीवर होता. तिच्या नाकावर चष्मा होता. तिचा स्वतःचा. तीन वर्षांत तिला चष्मा लागला होता आणि हे त्याला कुणी कळवलं नव्हतं.

तिनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. फेट्याशी थोडी जास्त थांबली.

"लग्न केलंस?"

"नाही. फेटा धाकलूचा आहे."

"आणि नारळ?"

"देवमाशाचा. घाईत हातात राहिला."

रंजितानं पेपर तपासायला घेतला. एक प्रश्न तपासला, दुसरा तपासला. भगीरथ ओट्यावर बसला. ऊन पायाशी होतं, ते गुडघ्यापर्यंत आलं. तिनं आतून पाण्याचा तांब्या आणून ठेवला, तो प्याला. ती म्हणाली, "मुख्याध्यापकांनी सगळ्या स्टाफसमोर वाचून दाखवलं तुझं पत्र. 'अभिलेखावरून दिसून येते.' शिपायानं टाळ्या वाजवल्या." तो ऐकत राहिला. ती म्हणाली, "मी तुझ्या दारात यायची नाय म्हणून ठरवलं होतं." 'नाय' म्हणाली. नोकरी लागल्यापासून ती 'नाही' म्हणायची. तो ऐकत राहिला. ती आणखी बरंच म्हणाली, ते इथे सांगण्यासारखं नाही, पण त्यात खोटं काही नव्हतं. गठ्ठ्यातले अकरा पेपर झाले. भगीरथ मोजत होता असं नाही, पण समोर होते.

मग ती दारात येऊन उभी राहिली. हातात लाल पेन तसंच.

"बोल. सही कुठं करू?"

"कागद आणला नाही."

तिनं त्याच्या दोन्ही हातांकडे पाहिलं. खिशाकडे पाहिलं. खिसाही सपाट होता. पेनसुद्धा चौकीवर बारकूकडे राहिलं होतं.

"मग कशाला आलास?"

"न्यायला."

रंजितानं पेनाला टोपण लावलं. आत गेली. बराच वेळ आतून काहीच ऐकू आलं नाही, आणि उठायचं नसतं हे माहीत असल्यामुळे भगीरथ उठला नाही. मग पत्र्याची पेटी सरकवल्याचा आवाज आला.

संध्याकाळी काळ्या-पिवळ्या जीपनं ते निघाले तेव्हा तिच्या मांडीवर पिशवी होती आणि त्याच्या मांडीवर उरलेले पेपर. भातसानगरला महोत्सव केव्हाच उरकला होता. अधिकारी आले, बोलले, गेले. देवमाशाची मादी नदीपर्यंत जाऊन आली आणि मग तीन घरांत वाटली गेली. धाकलूनं रात्रीच्या आत भात भरलं. फोटोत अधिकाऱ्यांच्या शेजारी आयोजकाची जागा मोकळी होती, म्हणून तिथे बारकू उभा होता, वही घेऊन.

रंजिता दोन रात्री राहिली. पहिल्या रात्री दोघं फारसं बोलले नाहीत. बोलायची सवय दोघांचीही मोडली होती. ती पेपर तपासत होती आणि तो बेरजा पडताळत होता. दुसऱ्या दिवशी ती सकुबाईकडे जाऊन ओटी भरून घेऊन आली आणि त्याच्या स्वयंपाकघरातले डबे तिच्या मनासारखे लावून ठेवले. मंगळवारी सकाळी त्यानं तिला गाडीत बसवून दिलं. गाडी वळणाआड गेल्यावरही तो थोडा वेळ थांब्यावर उभा होता, कारण लगेच घरी जायचं काही कारण नव्हतं. घरी साखरेचा डबा सापडायला त्याला दहा मिनिटं लागली. चहा बिनदुधाचाच प्यावा लागला, दुधाचं पातेलं तिनं कुठे ठेवलं ते सापडलंच नाही.

ऑफिसात टेबलावर ज्ञापन होतं. नोकरीतलं पहिलं. 'आपण दि. २७ रोजी महोत्सव सुरू असताना विनापरवानगी मुख्यालय सोडल्याचे निदर्शनास आले आहे. तसेच अहवालात आपल्या कुटुंबीयांचे छायाचित्र आढळून येत नाही. तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.'

एरवी असा कागद त्यानं तीनदा वाचला असता. त्यानं टाइपरायटर पुढे ओढला, मग बाजूला सारला आणि हातानंच लिहायला घेतलं.

'मी बहिणीला आणायला गेलो होतो. परवानगी मागितली नव्हती. पुढच्या वेळीही मागणार नाही.'

'पुढच्या वेळीही' हे शब्द त्यानं खोडले. खिडकीबाहेर शहापूरची गाडी येऊन लागली, माणसं उतरली, गाडी वळली. मग त्यानं खोडलेल्याच्या वरच्या बाजूला ते शब्द पुन्हा लिहिले, आणि दुरुस्ती केली की करायची असते तशी शेजारी लहान सही केली.